‘पाणी आलं तर?’ हा प्रश्न अशुभ नाही

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीची मिटिंग होती. विषय नेहमीचेच, लिफ्टचं एएमसी, टँकरचं बिल, पार्किंगमधल्या जुन्या गाड्या. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा मी विचारलं, की समजा धरणातून रात्री पाणी सोडलं आणि ते आपल्या पार्किंगपर्यंत आलं, तर कोणी काय करायचं हे एकदा ठरवून ठेवूया का? आम्ही पुण्यात राहतो, मुठेपासून दोन गल्ल्या आत, त्यामुळे प्रश्न काही आभाळातून पडलेला नव्हता. पण पहिलं उत्तर आलं, ‘अहो, शुभ बोला जरा.’ दुसरं आलं, ‘वास्तू तथास्तु म्हणत असते.’ तिसरं, ‘तेव्हाचं तेव्हा बघू.’ मग चहा आला आणि सगळे उठले.

मला राग आला नाही, कारण हे सगळं मी पण याच घरांमधून शिकलेय. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. वाईट शब्द तोंडातून काढला की वाईट गोष्टीला बोलावणं जातं, ही समजूत आपल्या भाषेत इतकी खोलवर आहे की ती आपल्याला दिसतही नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात खूप माया आहे, आपल्या माणसाला काही होऊ नये याची धडपड आहे त्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही माया सार्वजनिक कामात आणली की ती माणसांच्या जिवावर उठते. ‘असं झालं तर?’ हा प्रश्न विचारणं, मोठ्याने विचारणं, चारचौघात आकडे घेऊन विचारणं हे रस्ता झाडण्याइतकंच गरजेचं सार्वजनिक काम आहे आणि आपण ते करत नाही.

बरं आपल्याला जर-तर करायला येत नाही असं कोण म्हणेल? दोन मराठी माणसं पानिपतावर बोलायला बसली की रात्र होते. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले नसते तर, लढवय्यांबरोबर यात्रेकरू आणि बायकापोरांचा एवढा लवाजमा नसता तर. मग थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर. मला या गप्पा फार आवडतात आणि त्या रिकामटेकड्या आहेत असं मी कधीच म्हणणार नाही, कारण नीट केलेल्या जर-तरमधून कारण सापडतं. विश्वासरावांची गोळी चुकवून बघा, दुपारचा तो तास कदाचित वेगळा गेला असता, पण छावणीतलं धान्य संपलेलं, जनावरं मरत होती, दिल्लीकडून येणारी रसद अब्दालीने तोडलेली, हे तसंच राहतं. म्हणजे एक गोष्ट बदलून बाकीचं तसंच ठेवलं की कशामुळे काय झालं ते कळायला लागतं, रसद गोळीपेक्षा मोठी ठरते. हीच खरी पद्धत आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर वगैरे म्हणून आपण हा विचार तोडून टाकतो, पण आत्याबाईच्या मिशांनी पुढचं काहीच उलगडत नाही आणि रसदीच्या प्रश्नाने उलगडतं, दोन्हीत फरक आहे.

माझी तक्रार ही आहे की ही ताकद आपण फक्त मागे बघायला वापरतो. पानिपतावर बोलायला काही खर्च येत नाही, कोणाची झोपडी हलवावी लागत नाही, कोणाचा प्लॅन नामंजूर करावा लागत नाही. पुढचा जर-तर महाग असतो.

आता पानशेत घ्या, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम अजून पुरतं झालेलं नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. आदल्या दिवशी बांध खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पावसात, अंधारात, खचणाऱ्या बांधावर उभं राहून. धरण सकाळी फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि ते जुनं दगडी धरणही फुटलं आणि मग मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आमच्या आजीचं माहेर नदीकाठच्या वाड्यातलं, ती सांगायची की पाणी आलं तेव्हा उजेड होता म्हणून जिना दिसला. हे एक वाक्य ती प्रत्येक वेळी सांगायची आणि लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नव्हता.

आता तो जर-तर करा. जवानांनी पोती रचली नसती तर? धरण रात्री फुटलं असतं. वीज नाही, फोन मोजक्या घरात, वाड्यांचे दिंडी दरवाजे लावलेले, तळमजल्यावर पोरंबाळं झोपलेली. आजीला जिना दिसला नसता. हा प्रश्न विचारला की त्या पोत्यांची किंमत कळते. पोत्यांनी धरण वाचवलं नाही, पण काही तास मिळवून दिले आणि ते तास उजेडाचे होते म्हणून माणसं वाचली. आणि लगेच दुसरा प्रश्न येतो जो जास्त बोचतो, की ते तास मिळाले होते तर ते पेठांमधल्या प्रत्येक घरापर्यंत का पोचले नाहीत? रात्रीच दवंडी पिटली असती तर, शाळा उघडून नदीकाठच्या लोकांना तिथे झोपायला नेलं असतं तर? धरणावर माणसं जिवावर उदार होऊन वेळ कमावत होती आणि इकडे शहरातले बहुतेक लोक सकाळी नेहमीसारखे कामाला लागले. मला वाटतं पानशेतकडून शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, भिंत किती जाड होती यापेक्षाही.

नंतर काय झालं हेही कोणी आधी कल्पून ठेवलेलं नव्हतं. शहराला पाणी पाजणारं धरणच गेलं, त्यामुळे पूर ओसरल्यावर पुराने बुडवलेल्या शहरात प्यायला पाणी नाही अशी अवस्था आली. घरं गेलेल्यांसाठी वसाहती कराव्या लागल्या, गोखलेनगरसारखे भाग त्यातूनच उभे राहिले, पुण्याचा नकाशाच बदलला. एका सकाळचे परिणाम साठ वर्षांहून जास्त चालू आहेत.

आणि आज? आज वर चार धरणं आहेत, टेमघर, वरसगाव, पानशेत आणि सगळ्यात खाली खडकवासला. चौघांची मिळून क्षमता साधारण २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्यातलं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. म्हणजे वरची भरलेली असताना घाटात धो धो पाऊस झाला की सगळं पाणी या छोट्याशा धरणात येतं आणि ते सोडल्याशिवाय गत्यंतर नसतं. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही, ते गणित आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे हेच झालं, विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या आसपास गेला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. धरण फुटलेलं नव्हतं, धरण आपलं काम करत होतं. तरी लोकांच्या गाड्या, फ्रीज, कागदपत्रं, पोरांची दप्तरं गेली. म्हणजे ‘धरण फुटलं तर’ इतकं भयंकर काही कल्पायचीही गरज नाही, ‘धरणाने नेहमीसारखं पाणी सोडलं आणि आपण झोपेत असलो तर’ एवढं कल्पलं असतं तरी पुष्कळ वाचलं असतं.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, हा जर-तर सरकारने कागदावर केलेला आहे. पूररेषा म्हणतात ती दुसरं काय आहे? २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर आला तर पाणी कुठवर येईल ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येईल असा आला तर ती लाल रेषा. कोणीतरी बसून, पाऊस मोजून, नदीची रुंदी खोली घेऊन ‘समजा’ म्हणून काढलेली ती रेषा आहे. आणि आपण तिच्याशी काय करतो तर ती सरकवण्यासाठी खटपट करतो, भराव टाकतो, नाल्याला भिंत घालतो आणि रेषा बदलली की पाणीही बदलेल असं समजतो.

त्यात ‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी लोकांचा घोळ होतो. माझाही व्हायचा. मला वाटायचं एकदा २०१९ ला येऊन गेलं म्हणजे आता २०४४ पर्यंत सुट्टी. तसं नसतं. त्याचा अर्थ दरवर्षी २५ मध्ये १, म्हणजे ४ टक्के शक्यता, आणि ती दर पावसाळ्यात नव्याने सुरू होते. आता २० वर्षांचं होमलोन घेऊन निळ्या रेषेवर फ्लॅट घेतला तर त्या २० वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता किती? पाणी न येण्याची शक्यता दरवर्षी ०.९६, ती वीस वेळा गुणली की ०.४४ येतं. म्हणजे पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के. हप्ते फिटेपर्यंत पाणी बघण्याची शक्यता न बघण्यापेक्षा जास्त. लाल रेषेवर हेच गणित १८ टक्के येतं, म्हणजे पाच-साडेपाचात एक. आणि हे नदी आहे तशीच राहिली, पाऊस आहे तसाच राहिला असं धरून. हा गुणाकार आठवीतल्या मुलाला येतो. तो फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या हातात कागदावर लिहून दिला तर किती सौदे वेगळे होतील याचा विचार करा, आणि तो का दिला जात नाही याचाही.

यावर लोक म्हणतात की असं बोलून घबराट पसरते. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. अफवेने माणसं चेंगरतात हे आपण बघितलंय, २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २३ माणसं गेली ती पाऊस, गर्दी आणि ओरडाआरडा यात. पण अफवा आणि जर-तर एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असतात. ‘धरण फुटलं, फॉरवर्ड करा’ या मेसेजमध्ये कुठलं धरण, किती पाणी, किती वाजता कुठल्या पुलाला पोचणार, यातलं काहीही नसतं. जर-तरमध्ये तेच सगळं असतं. ज्या माणसाने शांतपणे आधी एकदा ठरवलंय की ३५ हजार क्युसेक सुटलं तर आपल्या गल्लीत पाणी येतं आणि ५ हजाराला येत नाही, त्याला तो मेसेज आला तर तो आधी आकडा विचारेल. घाबरणार आहे तो ज्याने कधीच विचार केलेला नाही. आणि एल्फिन्स्टनच्या त्या अरुंद जिन्याबद्दल रोज जाणारे प्रवासी आधीपासून ओरडत होते, दोन गाड्या एकदम आल्या तर काय होईल हे त्यांना अंगाने माहीत होतं. प्रश्न विचारला गेला होता, फक्त तो ऐकायचं कोणाचं काम आहे हे ठरलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो, की तज्ज्ञांनी काढलेला जर-तर पण चुकतो. चुकतोच. किल्लारीचा भूकंप घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. लातूर-धाराशिवचा तो भाग त्या वेळच्या नकाशावर भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. साडेनऊ हजारांच्या वर माणसं गेली. पण त्याआधी वर्षभर, १९९२ पासून, तिथे छोटे धक्के जाणवत होते, जमिनीतून आवाज येत होते आणि लोक ते सांगत होते. नकाशा म्हणत होता काही होणार नाही आणि जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला पाठीखाली काहीतरी कळत होतं. आणि घरं कशी, तर माळवदाची, मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून पिढ्यानपिढ्या चढवलेला. ‘हे छत हललं तर’ हा प्रश्न कोणी त्या घरात बसून विचारला असता तर निदान धक्के येत होते त्या दिवसांत माणसं अंगणात झोपली असती. बरेच लोक सुरुवातीला झोपतही होते, मग काहीच होत नाही म्हणून परत आत गेले. हे मला फार लागतं. नंतर नकाशा बदलला, सगळ्यात कमी धोक्याचा तो झोनच पुढे काढून टाकला.

म्हणून माझा आग्रह आहे की हा विचार फक्त ऑफिसातल्या नकाशावर होऊ नये. ज्याच्या डोक्यावर ते छत आहे, ज्याची झोपडी ओढ्याच्या कडेला आहे, जी बाई पहाटे साडेचारला उठून पाणी भरते आणि नदी चढलीय हे सगळ्यात आधी बघते, तिला त्या खोलीत बसवलं पाहिजे. माळीणची बातमी जगाला कशी कळली आठवतंय? ३० जुलै २०१४ ला सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला आणि त्याला गाव दिसेना. दीडशेच्या वर माणसं डोंगराखाली आणि आपल्या सगळ्या यंत्रणेचा सेन्सर कोण, तर एक एसटीचा ड्रायव्हर. मग २०२१ ला तळिये झालं, २०२३ ला इर्शाळवाडी झाली. सह्याद्रीच्या कुशीतल्या प्रत्येक वाडीत एका संध्याकाळी देवळात बसून ‘हा डोंगर आला तर कुठल्या बाजूला पळायचं, कुठल्या पावसात आधीच उठून जायचं आणि जायचं तर कुणाच्या घरी’ एवढं बोलायला काय लागतं? पुनर्वसन लागतंच, ते सरकारचं काम आहे आणि ते मागितलंच पाहिजे, पण ते होईपर्यंतचे पावसाळे मधे आहेत ना.

इथवर सगळं संकटाचंच बोलले. पण जर-तर म्हणजे फक्त भीती असं मानणं चुकीचं आहे, आणि याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे जे आपल्याला कोणी नीट सांगत नाही. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या डोक्यात प्रश्न आला की खेड्यात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचंच असं ठरवलं तर? त्या काळी हे ऐकून लोकांनी काय काय म्हटलं असेल, पैसा कुठून आणणार, सगळेच मागतील, आळशी होतील. पागेंनी वाद घालण्याऐवजी १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात विसापूरला छोट्या प्रमाणावर ते करून बघितलं. मग १९७२ चा दुष्काळ आला, आणि तेव्हा राज्याकडे निदान एक करून बघितलेली कल्पना होती. लाखो माणसं कामावर आली, बंडिंग, पाझर तलाव, रस्ते झाले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तोच विचार उचलला. पैसा कुठून आणणार याचंही उत्तर सापडलं, नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आपल्या पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले असतात ना, ते तिथून आले. मी कितीतरी वर्षं ती ओळ बघून चडफडले, आता बघते तेव्हा विसापूर आठवतं.

तेव्हा मला काय हवंय ते सरळ सांगते. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला, त्यात धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा करणं बंधनकारक आहे, धरणाला काही झालं तर पाणी कुठे पसरेल त्याचाही विचार त्यात येतो. तो आराखडा फायलीत नको, वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर हवा, मराठीत, आपल्या गल्लीच्या नावासकट. इतका क्युसेक सोडला की इथे गुडघाभर, इतका सोडला की इथे कमरेएवढं. विजेच्या खांबावर रंगाचा पट्टा मारा, पोरं शाळेत जाता-येता बघतील. शाळांमध्ये ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय, त्याच्या जोडीला ‘आमच्या गावाचं पाणी तीन महिने आटलं तर’ असा लिहायला द्या, आणि लिहायच्या आधी गावातल्या विहिरी मोजून यायला सांगा. लातूरला २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणी. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज नोकरीला लागलीत. त्यातल्या किती जणांनी वर्गात बसून हे विचारलं असेल की हे दोन वर्षं आधी कल्पता आलं असतं का, ऊस कमी लावला असता तर किती दिवस मिळाले असते? मला वाटतं त्यांना तो प्रश्न विचारायचा हक्क होता.

सगळे जर-तर करत बसलो तर जगणं अवघड होईल हे मलाही कळतं. उल्का पडली तर, सूर्य विझला तर, याने माझी झोप उडत नाही. निवड करायला सोपा नियम आहे, आधी कधी झालंय का, आपल्या आसपास झालंय का, आणि आज थोडं काही केलं तर फरक पडेल का. तिन्हीला हो आलं की तो प्रश्न मिटिंगच्या पहिल्या विषयात घ्यायचा, शेवटी चहाच्या आधी नाही.

या वर्षी मी तो तसा घेतला. मिटिंगच्या आधी चार घरी जाऊन बोलून ठेवलं होतं आणि आकडे कागदावर नेले होते, ५६ टक्केवाला सुद्धा. यावेळी कोणी शुभ बोला म्हणालं नाही, थोडा वेळ कोणीच काही म्हणालं नाही. मग वॉचमन दादा, जे रात्री पार्किंगमधल्याच खोलीत झोपतात आणि ज्यांना आम्ही कधीही मिटिंगला बोलावलं नव्हतं, ते म्हणाले की पाणी आधी मागच्या गेटच्या गटारातून उलटं येतं, नदीकडून नाही, मी दोनदा बघितलंय. हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. त्यानंतर तासभर मिटिंग चालली. त्यांची खोली पावसाळ्याचे चार महिने पहिल्या मजल्यावरच्या क्लबरूममध्ये हलवायची ठरली, मेन स्विच कोणी बंद करायचा ते ठरलं, मोटारीचं पॅनल वर घ्यायचं कोटेशन मागवलं. तळमजल्यावरच्या आजी चालू शकत नाहीत, त्यांना खुर्चीसकट उचलायला चार जण लागतात, ती चार नावं लिहिली, आणि त्यातले दोघं नाइट शिफ्टला असतात हे लक्षात आल्यावर आणखी दोन लिहिली. आजी स्वतः तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मला आधी वर न्या, पण माझ्या औषधाचा डबा फ्रीजवर असतो तो विसरू नका.